सापाचं गूळपाणी

मला पाणी विचारायची सवय नाही. घरात माणूस आलं की बाकीच्या बाया आधी तांब्या-पेला पुढे करतात. मी आधी बसा म्हणते, मग ख्यालीखुशाली विचारते, आणि समोरच्यानं आपल्या तोंडानं पाणी मागितलं तरच उठते. सुनेला ह्याचा फार राग. "आई, पाहुणा उन्हातून आला होता, तुम्ही नुसत्या बसून राहिल्या!" राहिले बाई. त्याला घसा आहे, जीभ आहे, मागेल. माझी दुसरी खोड याच्या उलटी. चार दिवस गावाला जायचं असलं तरी मी माठ काठोकाठ भरून जाते. सून विचारते, कुलूपबंद घरात कोण पिणार आहे? दोन्ही खोडी एका गावानं आणि एका धामणीनं लावलेल्या आहेत.

पन्नास सालानंतरची ती वर्षं, साठ अजून उजाडायचं होतं. मी नुकतीच मास्तरीण झाले होते आणि भातकुलीच्या पुढच्या एका गावी माझी नेमणूक झाली होती. घर अमरावतीला, आई आणि भाऊ तिथे. वडील जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगांवर कामाला होते. माझी नोकरी पाहायला ते राहिले नाहीत. छप्पन साली आम्ही सगळ्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून वडिलांनी पहिलं शील, जीव न मारण्याचं, असं काही धरलं की घरात विंचू निघाला तरी चिमट्यात धरून बाहेर नेऊन सोडायचे. आई म्हणायची, "त्याच्या पायाही पडा आता." ते म्हणायचे, "पाया पडणं पण सोडलं अन् मारणं पण सोडलं. आता फक्त जा म्हणायचं."

शाळा गावाच्या मध्यावर, शेतकऱ्यांच्या गल्लीत. शाळेमागे एक खोली होती, ती मास्तरणीची. पहिल्याच दिवशी गल्लीतल्या काही बाया मला पाहायला आल्या. मी हौसेनं नव्या पितळी पेल्यांतून पाणी दिलं. एकीनं पेला उचलला, तर दुसरीनं तिला कोपर मारलं. पेला परत खाली. "आत्ताच प्यालो वं बाई घरून." मग कळलं, सगळ्याच घरून पिऊन आल्या होत्या. त्या गेल्यावर भरलेल्या पेल्यांकडे बघत मी बराच वेळ बसले. मग उठून सगळं पाणी मोरीत ओतलं आणि कानाला खडा लावला की ह्या गावात कोणाला पाणी विचारायचं नाही. पण खोटं कशाला बोलू? त्याच वेळी मनात हेही बसलं की ह्या गल्लीतल्या एका तरी माणसानं माझ्या घरचं पाणी प्यावं. दुसरं काही नको. त्या एवढ्याशा गोष्टीनं माझा जीव खाल्ला.

लोक वाईट नव्हते. कुंपणावरून हरभऱ्याची भाजी द्यायचे, तुरीच्या शेंगा द्यायचे. द्यायला कोणी हात आखडला नाही. घ्यायचं म्हटलं की हात मागे. नाल्यापलीकडे आमच्या लोकांची थोडी घरं होती. तिथे गेलं की "बाई आल्या, बाई आल्या" करून सतरंजी अंथरायचे, मला सतरंजीवर आणि आपण सगळे खाली मातीत, लांब. किती म्हटलं तरी वर यायचे नाहीत. इकडे मी खालची आणि तिकडे मी वरची. शेजारी बसायला कुठेच कोणी नाही.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की सोमवारी पोरांना "उभे राहा" म्हणेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. निघायचा तो उंदरांसाठी. खोलीमागच्या परड्यात शेजारच्या घराची पऱ्हाटी रचलेली होती. कापूस वेचून झाला की वाळलेली झाडं उपटून सरपणाला ठेवतात, तो ढीग माझ्या खिडकीइतका उंच. त्यात उंदरांचं राज्य. रात्री माझी ज्वारी खायचे आणि दिवसा मी त्यांना शिव्या द्यायची. मेल्यांनो, खाता ते खाता, वर दोन शब्द तरी बोला.

दिवाळी झाल्यावरचा एक रविवार होता. दुपारी मी डाळ निवडत बसले होते. कोपऱ्यात पेटीमागे काहीतरी सरकलं. आधी वाटलं, दोर पडला. मग दोर हळूहळू पुढे निघाला. पिवळट, जाडजूड, माझ्यापेक्षा लांब. मी दारात जाऊन एकच शब्द ओरडले, "साप!"

काय सांगू, सगळी गल्ली धावून आली. जी माणसं इतके दिवस उंबऱ्याबाहेरच थबकत होती ती भराभर आत. कोणी माझ्या खाटेवर चढलं, कोणी चुलीजवळ उभं राहिलं, कोणी माझ्या खांद्यावर हात ठेवून "भेऊ नका बाई" म्हणालं. मला सापाचं भय वाटायच्या ऐवजी माणसांचंच अप्रूप वाटायला लागलं. खोलीत इतका आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

एकानं काठी उगारली तेवढ्यात दारातून गर्जना झाली, "खबरदार! लांबडं मारसान तं माह्याशी गाठ हाये." ही शेजारच्या घरची म्हातारी. उंच, काळी, आवाज असा की नाल्यापलीकडची म्हैस वळावी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात मुलगे, सुना, बैलजोड्या, सगळं भरलेलं. पऱ्हाटीचा ढीग तिच्याच घरचा. कोपर मारणारी तीच होती, पहिल्या दिवशीची. मी विसरले नव्हते.

"घराचं राखनदार असते थे," ती म्हणाली.

"राखणदार-बिखणदार काही नाही," मी म्हटलं. "धामण आहे. विषारी नाही. उंदरांमागे आली. पण माझ्या घरात कोणी तिला मारायचं नाही."

"मंग पूजा कर."

"पूजाही करणार नाही."

"बाप्पा! मारत नाही, पूजत नाही, मंग करतं काय तिचं? संसार?"

सगळी गल्ली हसली. मलाही हसू फुटलं, आणि रागही आला. वडिलांनी शिकवलेलं आठवून मी एक जुनी मोठी घागर आणली, कोपऱ्यात आडवी ठेवली, तिचं तोंड धामणीकडे केलं. सगळ्यांना मागे सारलं, बडबड बंद करायला लावली. मग लांबलचक पऱ्हाटीनं तिच्या शेपटीमागची जमीन हळू हळू ठोकत राहिले. सापाला अंधार दिसला की तो आपणहून आत जातो, त्याला फक्त घाई करायची नाही. धामण थांबली, जीभ काढून वास घेतला, आणि एकेक वेटोळं करत घागरीत शिरली. मी वर सूप दाबलं, म्हातारीनं पुढे होऊन माझं एक जुनं लुगडं घागरीच्या तोंडाला घट्ट बांधलं.

"आता सोडाले दोघं लागतात," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "एकट्यानं सोडलं का थे मांगं मांगं वापस येते. ज्या घरून निघालं त्या घरचं एक अन् शेजारचं एक. अन् सोडून आल्यावर त्या घरचं गूळपानी घेतल्याबिगर शेजाऱ्यानं जाऊ नोये. आमच्या माहेरी, कौंडण्यपूरकडं, असंच असते." बोलून झालं आणि मग तिचं तिलाच ध्यानात आलं. शेजारचं म्हणजे तीच की. आणि पाणी म्हणजे माझं.

घागरीच्या गळ्याला दोर बांधून आम्ही ती काठीला अडकवली. काठीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं तिच्या. नाल्याकडे निघालो. वाटभर ती बोलत होती.

"एकटी काहून राह्यतं? भेव नाही वाटत?"

"वाटतं."

"मले बी वाटते."

"तुमचं तर भरलेलं घर आहे, माय."

"भरेल घरात बी वाटते. सुना एकमेकीसंग बोलतेत. पोरं बैलासंग बोलतेत. माह्यासंग बोलाचं आता कोनाजवळ काही राह्यलं नाही." मग तिनं घागरीकडे मान हलवली. "हे एक आयकून राह्यलं, बिचारं."

नाल्याच्या काठाशी घागर आडवी केली आणि आम्ही बाजूला झालो. धामण निघाली, गवत हललं, संपलं.

परत आलो तेव्हा मी गुळाचा खडा आणि पेलाभर पाणी पुढे ठेवलं. विचारलं नाही, नुसतं ठेवलं, कारण रीत तिची होती. तिनं गूळ घेतला आणि तोंडात टाकला. गूळ कोरडा असतो, कोरड्याला विटाळ नसतो. पेल्याकडे तिनं पाहिलं, मग दाराकडे पाहिलं.

"पानी आत्ताच प्यालो मी घरून."

"केव्हा?" मी म्हटलं. "अख्खी दुपार तुम्ही माझ्याबरोबर आहात!"

ती पदर सावरून निघून गेली. त्या दिवशी मी इतकी रडले की डाळ तशीच राहिली.

आठवडाही झाला नसेल, धामण परत आली. येणारच. आम्ही तिला जवळच सोडलं होतं आणि खायला सगळं माझ्याकडे. पण गल्लीला ते पटेना. धामण घागरीत गेली, आम्ही दोघी पुन्हा काठी धरून निघालो, ह्या वेळी नाला ओलांडून पार पलीकडच्या पडीक रानात सोडली. परत येऊन पाहतो तर अर्धी गल्ली माझ्या दारात. "मायवं, पी पानी आता. मांगच्या वेळी तू गूळच खाल्ला. आता घेतलं नाहीस तं आमच्या घरात घुसन थे!" म्हातारीनं पेला उचलला, डोळे मिटले, आणि काढा प्यावा तसं एका दमात प्याली. लोक "झालं बाप्पा" म्हणत पांगले.

मला आनंदानं नाचायला हवं होतं ना? उलट डोकंच उठलं. ती माझ्या घरचं पाणी प्याली नव्हती, तिनं सापाच्या भयानं औषध घेतलं होतं. पेला मी राखेनं इतका घासला की माझाच हात सोलून निघाला.

पलीकडच्या रानातून धामण काही आली नाही. गल्लीही आली नाही. पुन्हा तोच शनिवार, तोच रविवार.

मग उन्हाळा लागला. एका टळटळीत दुपारी शेजारून आवाज आला, "बाई वं! साप गेला तुया खिडकीतून आत! मी पाह्यला!" आणि पाठोपाठ म्हातारी स्वतः. मी पेटी सरकवली, खाट उभी केली, चुलीमागे पाहिलं, घागर आणून ठेवली. काही नाही. म्हातारी मात्र शोधायला वाकलीसुद्धा नाही. मी खाट परत टाकली तशी तिच्यावर बसली, पदरानं वारा घेत.

"कुठे आहे?" मी विचारलं.

"नसन," ती शांतपणे म्हणाली. "पन पाहाले तं आलो ना. मंग गूळपानी घ्या लागते."

मी माठातून पाणी दिलं. दारात कोणी नव्हतं, कोपर मारायला कोणी नव्हतं. ती हळूहळू, घोट घोट प्याली. पेला खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "थंड हाये वं तुया माठाचं." मी पाठ फिरवून गुळाचा डबा उगाच उघडत-झाकत राहिले. डोळे भरून आले होते, तिला दिसू द्यायचे नव्हते.

त्यानंतर आमच्या घरी फार साप निघायला लागले. बहुतेक दुपारी, सुना निजल्या की. अंगणातून सगळ्यांना ऐकू जाईल असं ती ओरडायची, "निघाला वं बाईच्या घरात!" आणि यायची. पहिल्या-दुसऱ्या वेळी काही लोक आले, मग कोणी येईना. "म्हातारी बह्याड झाली," असं तिला वेड्यात काढत आपापल्या कामाला लागले. आम्ही दोघी खाटेवर बसायचो. ती मला माहेरच्या गोष्टी सांगायची, वर्धेच्या पाण्याच्या, जत्रेतल्या बांगड्यांच्या, नवऱ्यानं एकदा रागानं भाकरी फेकली आणि ती कुत्र्यानं नेली त्याच्या. मी तिला वडिलांचं सांगायची. मला टोमणे मारायची तिला भारी हौस. "तुया स्वयंपाकाचा वास येते, बिचारा साप पळून जात असन." उठताना न चुकता म्हणायची, "दार लाव नीट. पुन्हा येईन तो." तो कोण, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

एके दिवशी शाळा सुटल्यावर परड्यात आले तर उजेड होता. पऱ्हाटी नव्हती. तिचा थोरला मुलगा गडी घेऊन आला होता, सगळा ढीग गाडीत भरून मळ्यात नेला होता. भिंतीतली बिळं मातीनं लिंपली होती, खिडकीला जाळी ठोकली होती. मला पाहून आदरानं बाजूला झाला.

"तुमची कटकट मिटवली बाई. आमची माय साप साप म्हनून रोज भुई धोपटून राह्यली होती. लोक हासतेत. आता काई येनार नाही." आणि तुरीच्या शेंगांची टोपली पुढे केली.

त्याला खरंच माझी काळजी होती की सगळं कळलं होतं, मला आजही सांगता येत नाही. काम चोख होतं. माझ्या वडिलांनीही हेच सांगितलं असतं, साप नको तर आधी अडगळ काढ. मी टोपली घेतली आणि उपकार झाले म्हटलं. सुंठेवाचून खोकला गेला होता त्यांचा. ना भांडण, ना वाईट शब्द.

म्हातारी यायची बंद झाली. एकदा कुंपणापलीकडे दिसली.

"काय करू वं," ती हलक्या आवाजात म्हणाली. तिचा हलका आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "आता साप कुठून आनू?"

"सापाशिवाय या ना, माय."

तिनं मागे वळून आपल्या घराकडे पाहिलं. ओसरीत सून तांदूळ पाखडत होती.

"तसं कसं येता येईन?" ती म्हणाली आणि आत गेली. मला तिचा राग आला, तिच्या मुलाचा आला, त्या पाखडणाऱ्या सुनेचा आला. राग येऊन करते काय? एकटीच्या घरात राग आला तर तो ठेवायलाही जागा नसते.

पुढच्या वर्षी माझी अकोल्याला बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी खोली सारवली, भांडी पोत्यात बांधली, माठ धुऊन पालथा घातला. वाटेत बडनेऱ्याच्या स्टेशनवर नळ आहे म्हणून फिरकीचा तांब्याही कोरडाच बांधला. कुलूप लावलं. बैलांची खासर दारात उभी होती, सामान चढलं होतं. गल्लीतली माणसं ओट्यांवर उभी राहून "जा बाई, सुखी राह्या" म्हणत होती. मी गाडीत चढले आणि शेजारच्या अंगणातून तो आवाज आला.

"बाई! तुया घरात साप गेला पाह्य! मी पाह्यला!"

सगळी गल्ली हसली. म्हातारी दाराशी येऊन उभी राहिली, सगळ्यांच्या देखत. मी उतरले आणि कुलूप काढलं. तिचा मुलगा काठी घेऊन आत गेला आणि लगेच बाहेर आला. आत होतं काय? चार भिंती आणि ओली जमीन.

"काईच नाही, माय. चाल घरी."

"नसन," ती म्हणाली. "पन पाहाले तं आलो ना." तिनं माझ्याकडे पाहिलं. हात पुढे केला होता, दिवसाउजेडी, मुलासमोर, सुनांसमोर, कोपर मारणाऱ्या सगळ्यांसमोर. ज्याच्यासाठी मी त्या गावात इतके दिवस झुरले ते ती मला द्यायला आली होती.

आणि माझ्याकडे पाण्याचा थेंब नव्हता.

"माय," मी म्हटलं, "माठ पालथा घातला मी."

तिचा हात तसाच राहिला थोडा वेळ. मग तिनं तो खाली घेतला. वाटलं, आता वळेल. ती माझ्या उंबऱ्यावर बसली.

"साप नाही, पानी नाही," मुलगा चिडून म्हणाला. "मंग कायले बसून राह्यली? लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. बसतो मी."

मी तिच्याशेजारी जाऊन बसले. उंबरा अरुंद होता, तिचं गुडघ्याचं हाड माझ्या मांडीला लागत होतं. गाडीवाला ओरडायला लागला की बडनेऱ्याची गाडी चुकेल, मग शेवटी उठावंच लागलं. दाराला कुलूप घातलं तरी ती हलली नाही. म्हणाली, "जाय तू. मी हावो इथं."

नाल्याशी गाडी वळेपर्यंत मला ती दिसत होती. बंद दाराला पाठ टेकून बसलेली, एका कडेला सरकून, माझी जागा रिकामी ठेवून.